गाण्यावर मोजलेला वेळ

जपानमधला साकेचा कारखाना ओळखायला जपानी लिपी यावी लागत नाही. दारावर, वळचणीखाली एक भला मोठा गोळा टांगलेला असतो. 'सुगी' नावाच्या झाडाच्या डहाळ्या बांधून तो करतात. नवी साके गाळून झाली की हिरवागार गोळा टांगायचा. महिने जातील तसा तो तपकिरी होत जातो, आणि आत साके मुरत आली हे रस्त्यावरच्या माणसाला कळतं. आपल्या सुगीशी या झाडाचा काही संबंध नाही. पण असा योगायोग हाती लागला तर कवीला सोडवत नाही.

तुम्ही म्हणाल, या गृहस्थाचं नाव काय आणि हा बोलतोय कशावर! मी मद्य घेत नाही. आमच्या धर्मात ते वर्ज्य आहे, आणि ते पाळणं मला कधी जड गेलं नाही. पण तांदळातून हे निघतं कसं, ते पाहायला कुणाची मनाई नसते.

क्योटोच्या दक्षिणेला फुशिमी हा साकेसाठी जुना नावाजलेला भाग. तिथल्या गेक्केइकान कंपनीची सुरुवात १६३७ सालची. १९०९ मध्ये बांधलेल्या आपल्या एका जुन्या कारखान्यात तिनं १९८२ साली संग्रहालय उघडलं.

द्राक्षात साखर तयारच असते. यीस्ट पडलं की काम सुरू. तांदळात साखर नाही, पिष्ट आहे. बिअरवाले जव भिजवून मोड आणतात आणि त्या मोडांकडून पिष्टाची साखर करून घेतात. पण साकेचा तांदूळ इतका घासतात, की उंची प्रकारात दाण्याचा निम्मा किंवा त्याहून कमी भागच उरतो. त्याला मोड कुठून येणार? इथे कामाला येते कोजी नावाची बुरशी. तांदूळ शिजवायचा नाही, वाफवायचा. म्हणजे दाणा वरून कोरडा, आतून मऊ राहतो. उबदार लाकडी खोलीत तो पसरून त्यावर बुरशीची पूड भुरभुरायची आणि दोन दिवस तान्ह्या मुलासारखं त्याच्याकडे पाहायचं, रात्रीसुद्धा. मग ही कोजी, आणखी वाफवलेला तांदूळ, पाणी आणि यीस्ट एकाच पिंपात. एकीकडे साखर होत असते, दुसरीकडे तिचं मद्य. म्हणून अल्कोहोल वीस टक्क्यांपर्यंत चढतं. नंतर पाणी घालून पंधरा-सोळावर आणतात. मिसो आणि सोया सॉसही याच बुरशीचे. २००६ साली जपानच्या मद्यनिर्मितीशास्त्राच्या संस्थेनं तिला 'राष्ट्रीय बुरशी' ठरवलं. राष्ट्रीय पक्षी, राष्ट्रीय फूल ऐकलं होतं!

पण मी खिळून राहिलो तो गाण्यांपाशी. जुन्या कारखान्यात घड्याळ नव्हतं. भांडी घासताना, तांदूळ धुताना, लांब दांड्यांनी मिश्रण घोटताना कामगार गाणी म्हणत. अमुक इतकी कडवी झाली की घोटणं पुरं. गाण्यानं सगळ्यांचे हात एका ठेक्यात पडत आणि हिवाळ्याच्या पहाटे झोपही उडे. आमच्या घरी आई जात्यावर ओव्या म्हणायची. दळण किती झालं हे ओव्यांवरून कळे. तिथे मात्र गाणारे सगळे गडी. जुन्या काळी बाईला कारखान्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती. आता मुख्य कारागीर, ज्याला 'तोजी' म्हणतात, त्या जागी स्त्रियाही आहेत.

हे गडी कोण? कोबेजवळच्या नादा भागात ताम्बाच्या डोंगराळ मुलखातले शेतकरी येत. हिवाळ्यात शेत बंद, म्हणून घर सोडून शंभर दिवसांची कमाई करायला निघायचे. आपल्याकडचे ऊसतोड कामगार आठवले. यंत्रं आली, थर्मामीटर आले, तेव्हा गाण्याचं काम संपलं. आता ती गाणी हौशी मंडळी जपतात आणि संग्रहालयात ऐकू येतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं कोजीनं मद्य करण्याची ही पारंपरिक विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. विद्येला मान मिळाला याचा आनंदच आहे. पण जपानमधलं साकेचं उत्पादन १९७० च्या दशकात शिखरावर होतं, आज ते त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास आहे. आणि ज्या गाण्याला काम उरलं नाही, ते यादीच्या आधारावर किती दिवस गाणं राहील, हे मला सांगता येणार नाही.

शेवटी चव घ्यायचा टेबल. तज्ज्ञांचा पेला पांढरा चिनी मातीचा, तळाशी दोन निळी वर्तुळं. निळ्याची कड स्वच्छ दिसली तर साके नितळ. तज्ज्ञ घोट तोंडात घोळवून थुंकतात. दिवसभर गिळत बसले तर निवाडा कोण करणार? नको म्हटलं तर कुणाला नवल वाटत नाही, कारण गाडी चालवत आलेल्याला तिथे थेंबही देत नाहीत. आमच्यासारख्यांसाठी 'अमाझाके' आहे: कोजी आणि भात यांचं गोड, दाट पेय, बिनमद्याचं. मात्र विचारून घ्यावं. साकेच्या चोथ्यापासून केलेल्या अमाझाकेत थोडं अल्कोहोल असतं. आणि ज्या दिवशी कारखाना पाहायचा, त्या सकाळी नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, खाऊ नये. त्यातले जंतू कोजीला मारक असतात, म्हणून पाहुण्यांना तशी विनंतीच करतात.

फुशिमीचं पाणी मऊ, म्हणून साके सौम्य. नादाचं पाणी जड, तिथली साके करकरीत. पहिलीला बायकी आणि दुसरीला पुरुषी म्हणायची रीत आहे. नावं कुणी ठेवली असतील ते उघड आहे. संग्रहालयाच्या अंगणात विहीर आहे, तिचं पाणी पाहुण्यांना प्यायला मिळतं. ते मी दोन पेले प्यायलो.