जगावे कशासाठी? बुद्धविचार आणि बडोद्याचे दोन पांथस्थ

‘जगावे कशासाठी?’ हा प्रश्न कोणी विचारला, की तो रिकामपणाचा प्रश्न म्हणून उडवून लावण्याची आपल्याकडे रीत आहे. कामात असणाऱ्यास असले प्रश्न पडत नाहीत, असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्यात थोडे तथ्य आहेही. परंतु ज्याला तो खरोखर पडतो, त्याला या उत्तराने समाधान होत नाही. तो फक्त पुन्हा विचारीत नाही, इतकेच.

बुद्धाच्या धर्माकडे हा प्रश्न घेऊन जावे, असे तर सहसा कोणास सुचतही नाही. ‘सर्व दुःख आहे’ असे सांगणारा धर्म, ही त्याची आपल्याकडील ओळख. अशा ठिकाणी जगण्याचे कारण मागावयास जाणे म्हणजे मिठागरात गोडे पाणी शोधण्यासारखे, असे पुष्कळांस वाटते. हा समज कितपत खरा आहे ते तपासून पाहावे, आणि तेही आपल्या शहराच्या अंगाने पाहावे, असा आज विचार आहे. कारण गेल्या शतकात बुद्धाला मराठीत आणणारी दोन माणसे बडोद्याच्या वाटेने गेली, आणि दोघांनीही हा प्रश्न पुस्तकात वाचण्याआधी अंगावर घेतला होता.

पहिले धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळचा. शिक्षण तुटपुंजे, लहान वयात लग्न, घरची नारळीची बागाईत आणि मनात सदोदित एक उदासपणा. अशा स्थितीत ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि या माणसाचे म्हणणे मुळातून समजून घेतल्याखेरीज आपल्या जगण्यास अर्थ नाही, असे त्यांनी घेतले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. घरी पत्नी आणि तान्ही मुलगी होती. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला. काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. सिंहलद्वीपात भिक्षूंजवळ पाली शिकले. पुढे कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविण्याची बऱ्या पगाराची जागा त्यांना मिळाली. ती सोडून त्यांनी आपल्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये पत्करले; कारण महाराष्ट्रात राहून मराठी माणसाला बुद्ध सांगावयाचा होता. बडोद्यास त्यांची व्याख्याने झाली आणि त्यांतूनच ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे लहानसे पुस्तक १९१० साली निघाले. जुन्या घरांच्या कपाटांत त्याची एखादी प्रत अजूनही सापडावी.

दुसरे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. ते चरित्रही बडोद्याच्याच ग्रंथमालेसाठी लिहिलेले. पुढे १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले आणि १९१७ च्या सप्टेंबरात, कराराप्रमाणे, संस्थानच्या नोकरीस बडोद्यास आले. वय सव्वीस. त्यानंतर जे घडले ते आपल्या शहरात सर्वांस ठाऊक आहे, पण सांगताना आपण ते थोडक्यात आटोपतो. राहावयास जागा मिळेना म्हणून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन, मोडक्या सामानाने भरलेल्या एका अंधाऱ्या दालनात मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून गेला. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा विचारला. दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले.

शहरात त्या वेळी मराठी वाडे थोडे नव्हते. आमचाही एक होता. त्यांपैकी एखाद्याची कडी वाजवून पाहावी, असे त्या विद्वान तरुणास वाटू शकले नाही, हे आपण विसरू नये.

बागेतील त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. आपल्या बांधवांच्या मुक्तीचा संकल्प त्यांनी तेथे केला, अशी श्रद्धा आहे आणि पुढील चाळीस वर्षे पाहता ती योग्यच म्हणावी लागेल. पण बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीत त्या तासांचे वर्णन फार साधे आहे. मन अर्धे रिकामे होते, अर्धे दुःखाने भरलेले होते, आणि निराधार मुलांना आठवावेत तसे आपले आईबाप आठवत होते, एवढाच त्याचा आशय. आई लहानपणीच गेलेली, वडील १९१३ साली निवर्तलेले. मला या साधेपणात मोठा दिलासा वाटतो. जगण्याचे कारण एखाद्या संध्याकाळी आकाशातून उतरले नाही. तो माणूस उठला, सामान घेतले आणि स्टेशनवर गेला. कारण पुढे वाटचालीत घडत गेले.

घर सोडले ते कशाला कंटाळून?

या दोघांना जोडणारा एक धागा फारसा कोणी उलगडून दाखवीत नाही. सिद्धार्थाने घर का सोडले, याची आपणा सर्वांस ठाऊक असलेली कथा अशी की, त्याने एक म्हातारा, एक रोगी आणि एक प्रेत पाहिले, जीवनाचा वीट आला आणि बायकामुलांस झोपेत टाकून तो रात्री निघून गेला. कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या १९४०–४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या कथेस हात घातला. जुन्या सुत्तांत ही कथा गौतमाची नसून विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची आहे. गौतमाने तर आईबाप समोर रडत असताना, उघडपणे, घर सोडल्याचे सुत्तच सांगते, असे त्यांनी दाखविले. मग कारण कोणते? सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताच्या आधारे कोसंबी म्हणतात की, आटत चाललेल्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसे एकमेकांशी झगडताना पाहून त्यास भय वाटले. शाक्य आणि कोलिय यांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते. हत्यार उचलावे की त्या भांडणाचे मूळ शोधावे, असा प्रश्न होता आणि सिद्धार्थाने दुसरी वाट धरली.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, जो त्यांच्या निधनानंतर १९५७ साली बाहेर आला, गृहत्यागाचे हेच कारण सविस्तर मांडलेले आहे. शिवाय प्रस्तावनेतच ते आणखी एक रोखठोक प्रश्न विचारतात: जन्म दुःख, जीवन दुःख, मरणही दुःख, असेच जर बुद्धाचे सांगणे असेल, तर माणसाला आशा ती कोठे उरली? चार आर्यसत्ये या स्वरूपात मूळची आहेत की मागाहून भिक्षूंनी घातलेली, याचा विचार व्हावा, असे त्यांचे म्हणणे. पंडितांना ते मान्य होईल वा न होईल. पण कमाटीबागेत बसलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. ज्याला जगण्यासाठी धर्म हवा आहे, त्याला केवळ दुःखाची मोजदाद पुरत नाही.

दोघांच्या म्हणण्याचा निष्कर्ष एकच. बुद्ध जगाला विटून गेला नाही. जगाची काळजी वाटून गेला. हे एकदा ध्यानात आले, की पुढचे सगळे चरित्र निराळे दिसू लागते.

मरणाची तृष्णा

आता मूळ ग्रंथांकडे वळू. तृष्णेमुळे दुःख होते, हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते. पण बुद्धाने तृष्णा तीन प्रकारची सांगितली. पहिली विषयांची. दुसरी ‘मी असावे, असाच राहावे’ ही, भवतृष्णा. तिसरी विभवतृष्णा, म्हणजे ‘मी नसावे, सगळे संपून जावे’ ही. ही तिसरी आपण विसरतो. जगण्याचा कंटाळा म्हणजे वैराग्य, असे आपल्याला वाटते. बुद्धाच्या हिशेबी तीही एक ओढच आहे, आणि इतर ओढींप्रमाणेच ती येते, चढते आणि ओसरते. तिच्यावर विश्वास ठेवून निर्णय घेऊ नये.

विनयपिटकात याविषयी एक भयंकर प्रसंग नोंदलेला आहे. वैशालीस असताना बुद्धाने भिक्षूंना शरीराच्या अशुभपणाचे चिंतन सांगितले आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेला. परत येऊन पाहतो तो संघ विरळ झालेला. आनंदाला विचारता कळले की, त्या चिंतनाने देहाची किळस येऊन कित्येक भिक्षूंनी आपले प्राण घालविले. बुद्धाने उरलेल्यांना जमविले आणि दुसरी साधना दिली. श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, एवढेच जाणीवपूर्वक पाहावे. किळस आणणाऱ्या विचारांच्या जागी शांत करणारी, जिवंतपणाची सर्वांत साधी खूण त्याने ठेवली. त्याबरोबर नियमही घातला: जो भिक्षू माणसाचा प्राण घेईल, किंवा कोणापुढे मरणाची स्तुती करील, मरणास प्रवृत्त करील, त्याला संघात जागा नाही. दुःखी माणसापुढे मरणाचे गोडवे गाणे हा हत्येच्याच कोटीतील अपराध ठरला.

येथे कोणी विचारील की, खुद्द कोसंबींनी १९४७ साली सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. वय सत्तर, शरीर व्याधींनी जर्जर. पूर्वी एकदा गांधीजींनी त्यांना अशा उपवासापासून परावृत्तही केले होते. ४ जून रोजी ते गेले. उत्तरायुष्यात पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माकडे त्यांचे मन वळले होते आणि ही वाट त्या परंपरेच्या जवळची आहे. वर सांगितलेल्या विनयाच्या नियमाशी ती जुळविता येत नाही. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला शिकावेसे वाटते ते त्यांच्या अखेरीपासून नव्हे, तर आधीच्या सत्तेचाळीस वर्षांपासून, जी एका उदास तरुणाने एका प्रश्नापाठी चालत काढली.

पटाचारेचे काम

माझी पत्नी वारल्यानंतर काही महिने मी सेंट्रल लायब्ररीत नुसताच जाऊन बसत असे. लोक भेटत, ‘आता नातवंडांकडे बघून दिवस काढा’ म्हणत. दिवस काढावयाचे, एवढेच काम उरले असे वाटे. त्या काळात थेरीगाथेतील पटाचारेची कथा मी वाचली. श्रावस्तीची ही बाई. नवरा, दोन मुले आणि आईबाप, सगळे एका वादळी रात्रीच्या आगेमागे गेले. भान हरपून, वस्त्राचीही शुद्ध न राहून ती फिरत असता बुद्धाच्या सभेत आली. लोक तिला हाकलू लागले; बुद्धाने येऊ दिले आणि कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिला दिले. पुढे ती भिक्षुणी झाली.

पण माझे मन थांबले ते कथेच्या उत्तरार्धाशी. पुढे मुले गमावलेल्या कितीतरी बाया तिच्याकडे येऊ लागल्या. परंपरा पाचशे सांगते. पटाचारेने त्यांना सावरले. तिचे दुःख कोणी पुसून टाकले नव्हते. तेच तिच्या हाती दुसऱ्यांच्या उपयोगाचे साधन झाले होते. जगण्याचे कारण तिला आधी सापडले आणि मग ती कामास लागली, असे झाले नाही. आमच्या आळीत डोळे गेलेले एक गृहस्थ आहेत. त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम मी तेव्हापासून धरले. पटाचारेपुढे ते काहीच नव्हे. पण सकाळी उठण्यास ते पुरते.

खुद्द बुद्धाचे तरी काय? पस्तिसाव्या वर्षी बोधी प्राप्त झाली. मिळवावयाचे काही उरले नव्हते. हे गहन आहे, कोणास कळणार नाही, तेव्हा गप्प बसावे, असे त्याच्या मनात आल्याचे सुत्तच प्रामाणिकपणे सांगते. मग त्याने लोकांकडे पाहिले. तळ्यातील काही कमळे पाण्याखाली, काही पाण्याबरोबर, काही वर आलेली असतात, तशी माणसे दिसली. थोडा आधार मिळाला तर वर येतील अशीही होती. तो उठला आणि पंचेचाळीस वर्षे चालत राहिला. एकदा आतड्याच्या विकाराने आपल्याच घाणीत पडलेला एक भिक्षू दिसला, ज्याच्याकडे कोणी बघत नव्हते. तेव्हा आनंदाला पाणी आणावयास सांगून दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर निजविले, आणि आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असे संघाला बजावले.

तेव्हा आपल्या घरातील एखादा मुलगा, सून किंवा म्हातारे माणूस ‘जगून काय करायचे?’ असे म्हणाले, तर ‘भलते बोलू नये’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. जवळ बसावे, बोलू द्यावे, रात्री एकटे सोडू नये आणि डॉक्टरकडे न्यावयास लाजू नये. मनाचा आजार हाही आजारच आहे. उपदेश पुढे करता येईल. आणि हा प्रश्न जर आपल्याच मनात उठला असेल, तर पटाचारेप्रमाणे जसे असू तसे कोणाजवळ तरी जावे. दार उघडेल की नाही, ही शंका १९१७ साली एका तरुणाला या शहरात खरी करून दाखविण्यात आली. आपल्या दाराशी येणाऱ्या कोणाला ती पुन्हा वाटू नये, एवढी व्यवस्था तर आपल्यापैकी प्रत्येकाला आज संध्याकाळपासून करता येण्यासारखी आहे.