दोन्ही हातांचं बीपी मोजलंय कधी?

मैत्रिणींनो, लकवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साठी-सत्तरीची माणसं येतात. पण पंचविशी-तिशीतल्या बाईलाही लकवा होऊ शकतो आणि त्यामागे ताकायासू नावाचा आजार असू शकतो. १९०८ मध्ये मिकिटो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुणीच्या डोळ्यांतले बदल जगापुढे मांडले, त्यांचंच नाव या आजाराला मिळालं. आजार दुर्मीळ आहे. पण आशियात जास्त आढळतो आणि बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या बायका असतात.

यात हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला आणि मान व हातांकडे जाणाऱ्या तिच्या मोठ्या शाखांना सूज येते. भिंती जाड होतात, वाट अरुंद होते. मेंदूचा रक्तपुरवठा अडला की लकवा! सुरुवातीला मात्र बारीक ताप, थकवा, वजन घटणं एवढंच. मग चक्कर येते, कपडे वाळत घालताना हात भरून येतात. घरचे म्हणतात, 'अशक्तपणा आहे, टॉनिक घे.'

नाशिकमध्ये आमच्या महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरात एका तरुण सुनेच्या डाव्या हाताचं बीपी लागेचना. 'मशीन बिघडलंय वाटतं,' ती हसून म्हणाली. डॉक्टरांनी उजव्या हाताचं मोजलं, तर भलतंच वाढलेलं! डाव्या मनगटाची नाडीही लागेना. 'घरात लग्न आहे, नंतर बघू,' असं सासूबाईंचं म्हणणं. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, तपासण्या झाल्या आणि लकव्याआधीच आजार सापडला.

निदानासाठी ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करतात. संधिवाततज्ज्ञ सूज उतरवायला स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेटसारखी औषधं देतात. गरज पडल्यास सूज शमल्यावर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करतात. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड मनानं बंद करू नका. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही, म्हणून मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

दोन्ही हातांच्या बीपीत २० किंवा जास्त फरक दिसला, तर डॉक्टरांना दाखवा. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मालीश, झाडपाला करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. वेळेत पोहोचवणं आपल्या हातात आहे.