दूषित स्थळांचे शुद्धीकरण आणि हवामान बदल : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
घातक कचऱ्याने दूषित झालेल्या जागेचे शुद्धीकरण म्हणजे तेथील विषारी द्रव्य कायमचे नाहीसे करणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते द्रव्य जागेवरच ठेवून त्यावर चिकणमाती व प्लास्टिकचे आच्छादन घातले जाते आणि पावसाचे पाणी किंवा भूजल त्यापर्यंत पोहोचणार नाही अशी व्यवस्था केली जाते. अशा शुद्धीकरणाचे यश पाण्याविषयीच्या अंदाजावर अवलंबून असते आणि हवामान बदलामुळे हा अंदाजच चुकू लागला आहे. त्याची दखल केव्हा व कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकेतील अनुभव :
अमेरिकेत दूषित स्थळांच्या शुद्धीकरणासाठी १९८० मध्ये 'सुपरफंड' कायदा झाला. टेक्सास राज्यातील सॅन जॅसिंटो नदीकाठी १९६० च्या दशकात कागद गिरणीचा डायॉक्सिनयुक्त कचरा टाकण्यात आला होता. त्यावर २०११ मध्ये तात्पुरते आच्छादन घालण्यात आले. ऑगस्ट २०१७ मधील हार्वे चक्रीवादळाच्या पुराने ते फाटले आणि त्यानंतर कचरा उपसून हलविण्याचा निर्णय घ्यावा लागला. २०१९ मध्ये तेथील शासकीय लेखापरीक्षण संस्थेने १,५७१ स्थळांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ६० टक्के स्थळे पूर, वादळी लाटा, वणवे किंवा समुद्रपातळीतील वाढ यांची झळ पोहोचू शकेल अशा भागांत असल्याचे आढळले.

सिंधुदुर्गातील परिस्थिती :
सिंधुदुर्गात रासायनिक कारखान्यांची दाटी नाही. तरीही पाण्याच्या जोराचा अनुभव जिल्ह्याने घेतला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथील लोहखनिज खाणीचा बांध फुटून गढूळ पाण्याचा लोंढा वस्तीत व बागायतीत शिरला. त्याच महिन्यात उत्तरेकडे चिपळूण व महाड ही शहरे पुराखाली गेली. या घटना घातक कचऱ्याच्या नसल्या, तरी साठवून ठेवलेली वस्तू अतिवृष्टीत जागेवर राहीलच याची खात्री देता येत नाही, हे त्यांवरून स्पष्ट होते.

येथील भूरचनाही महत्त्वाची आहे. जांभा खडक सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात विहिरींचे पाणी झपाट्याने वर येते. वरून झाकलेला कचरा अशा वेळी खालून भिजू शकतो. कर्ली, कोळंब, कालावल यांसारख्या खाड्यांमुळे खारे पाणी आतपर्यंत येते. पाण्यातील क्षाराचे प्रमाण वाढले की कॅडमियमसारखे धातू मातीपासून सुटून पाण्यात मिसळण्याची शक्यता वाढते. खाडीत उतरलेले दूषित द्रव्य मासे व कालवांपर्यंत, म्हणजेच मच्छीमाराच्या उपजीविकेपर्यंत पोहोचते. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्यही याच किनाऱ्यावर आहे.

कायद्याची चौकट :
जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार संशयित स्थळांचा सहामाही अहवाल जिल्हा प्रशासनाने तयार करावयाचा असून पुढील तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. मात्र खाणकाम, समुद्रातील तेलप्रदूषण व कचराभूमीतील घनकचरा यांपासून होणारे प्रदूषण इतर कायद्यांच्या कक्षेत येत असल्याने या नियमांतून सर्वसाधारणपणे वगळले आहे. अशा प्रदूषणात अन्य दूषक मिसळून त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, तरच हे नियम लागू होतात. खाणी व तेलगोळे हे ज्या जिल्ह्याचे नित्याचे प्रश्न, त्याच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे.

विचारात घ्यावयाच्या बाबी :
१) स्थळाची नोंद करतानाच त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, खाडीपासूनचे अंतर व भर पावसाळ्यातील भूजलपातळी नोंदवावी. उन्हाळ्यातील एकाच मोजणीवर विसंबू नये.
२) आच्छादन, गटारे व बांध यांचा आराखडा केवळ मागील पर्जन्यनोंदींवरून करू नये. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्पधारणक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. परिणामी अतिवृष्टीची तीव्रताही वाढते. १९०१ ते २०१८ या काळात जागतिक समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे. आच्छादन जितकी वर्षे टिकावयाचे, तितक्या वर्षांच्या भावी पावसाचा व भरतीचा हिशेब मांडावा.
३) सखल जागी कचरा झाकून ठेवणे आरंभी स्वस्त पडते, परंतु दुरुस्ती, देखरेख व पुन्हा उपसण्याचा संभाव्य खर्च धरता तो हलविणे अनेकदा हिताचे ठरते.
४) काम संपल्यानंतरही प्रत्येक मोठ्या पुरानंतर व वादळानंतर फेरतपासणी बंधनकारक असावी.

निष्कर्ष :
शुद्धीकरण ही एकदाच उरकावयाची बाब नसून बदलत्या पाण्याशी सतत जुळवून घेण्याची प्रक्रिया आहे. सिंधुदुर्गात अशा स्थळांची संख्या अल्प असेल, तर हीच दक्षतेची योग्य वेळ होय. परिसरातील महाविद्यालयांच्या भूगोल, रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी विहिरींची पातळी व पाण्याची क्षारता यांच्या हंगामनिहाय नोंदी सातत्याने ठेवल्यास जिल्हा अहवालांना भक्कम आधार मिळेल. एखाद्या जागेला 'शुद्ध' म्हणण्यापूर्वी पुढील पन्नास पावसाळे ती तशीच राहील काय, हा प्रश्न त्या नोंदींच्या बळावर विचारता येईल.