यंत्र-कारकून आणि शिक्कामोर्तब

पत्रव्यवहारांतील खरे कष्ट पत्र लिहिण्याचे असतात, असा सामान्य समज आहे. टपाल खात्यांत जन्म घालविलेल्या माणसास विचारलें तर तो निराळें उत्तर देईल. त्याच्या मतें खरे कष्ट असतात ते पत्रांच्या वर्गवारीचे.

भुसावळ हें जळगांव जिल्ह्यांतील रेल्वेचें मोठें जंक्शन. मुंबईकडून येणारी वाट येथें फुटते. एक फांटा अकोल्यावरून नागपुराकडे जातो, दुसरा खांडव्यावरून इटारसीकडे. रेल्वे-टपाल सेवेचे सॉर्टर धांवत्या डब्यांत रात्र-रात्र उभे राहून पत्रें खणांत टाकीत, त्या काळीं असें जंक्शन येण्यापूर्वी प्रत्येक पत्र आपापल्या खणांत पडलेलें असावें लागे. खण चुकला कीं नागपूरचें पत्र खांडव्यास जाई. पत्ता कधीं मराठींत, कधीं हिंदींत, कधीं इंग्रजींत, अक्षर किरटें, आणि एकाच नांवाचीं गांवें अनेक. या अडचणीवर तोड काढली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनीं. टपाल खात्यांतील उच्च अधिकारी आणि संस्कृत कवि अशी त्यांची दुहेरी ख्याति होती. त्यांच्या योजनेप्रमाणें १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन टपाल कचेरीचे. धुळें शहराच्या मुख्य कचेरीचा क्रमांक ४२४००१, जळगांवचा ४२५००१. पत्त्याची भाषा न जाणणारा मनुष्यही हे अंक पाहून पत्र योग्य वाटेस लावूं लागला.

या साऱ्या व्यवस्थेंत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. वर्गवारी करणाऱ्यास पाकीट उघडावें लागत नाहीं. बाहेरचा पत्ता पाहिला कीं त्याचें काम संपलें. आंतील मजकूर मालकाचा.

ई-मेलनें ही स्थिति पालटली. अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठविला. पत्त्यांतील ‘अ‍ॅट’चें चिन्ह त्यांनींच निवडलें. आपल्या देशांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. पुढें पत्र पाठविण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, आणि ज्या गोष्टीला दाम पडत नाहीं ती मुबलक होते. जळगांवच्या डाळ-गिरणीवाल्याच्या, सराफाच्या किंवा धुळ्याच्या वकिलाच्या पेटींत सकाळीं काय काय येऊन पडतें तें पाहावें. गिऱ्हाइकाची मागणी, बँकेचा उतारा, वस्तु व सेवा कराची नोटीस, कर्ज घेण्याची गळ, मुलाच्या शाळेचें फीपत्रक, पुण्याच्या भाच्याची लग्नपत्रिका आणि लॉटरी लागल्याची थाप, हें सर्व एकाच पेटींत, एकाच आकाराच्या ओळींत. पत्ता सर्वांवर एकच. त्यावरून वर्गवारी होऊं शकत नाहीं. कोणतें पत्र तांतडीचें, हें त्याच्या अर्थावरून ठरतें. म्हणजे येथें वर्गवारी करणाऱ्यास पाकीट उघडून वाचावेंच लागतें. या कामासाठीं आतां कृत्रिम बुद्धीचा मदतनीस उपलब्ध झाला आहे. त्यास यंत्र-कारकून म्हणण्यास हरकत नाहीं.

हा कारकून एकदम अवतरला नाहीं. प्रथम आले ते ठराविक नियम. ‘अमक्या पत्त्यावरून आलेलें पत्र तमक्या खणांत टाक’ असें एकदां सांगून ठेवावें, कीं यंत्र तेवढें निमूटपणें करी. परंतु पत्ता बदलला कीं नियम लंगडा पडे. त्यानंतर आली मोजणीची पद्धति. नको असलेल्या हजारों पत्रांत कोणते शब्द वारंवार येतात आणि हव्या असलेल्या पत्रांत कोणते, याची गणना करून यंत्र नव्या पत्राविषयीं अंदाज बांधूं लागलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ति पुढें आली, आणि जाहिरातींचा कचरा बाजूस काढण्याचें काम तिनें चोख बजावलें. २०१५ सालीं गूगलनें आलेल्या पत्रास तीन लहानशीं उत्तरें सुचविण्याची सोय काढली. २०१७ नंतर भाषेचीं जीं मोठीं प्रतिमानें तयार झालीं, त्यांनीं पुढची मजल मारली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांपुढें आलें आणि यंत्राशीं साध्या भाषेंत बोलतां येतें हें घरोघर कळलें.

या प्रतिमानाचें मूळ तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. अफाट लिखाण वाचवून त्यास इतकेंच शिकविलेलें असतें कीं, एका शब्दानंतर कोणता शब्द येणें संभवनीय आहे. या एका अभ्यासांतून सारांश काढणें, भाषांतर करणें, मसुदा रचणें या कला त्याच्या अंगीं येतात. परंतु संभवनीय तें खरें असेलच असें नाहीं. म्हणूनच हा कारकून क्वचित् न घडलेली गोष्टही मोठ्या आत्मविश्वासानें लिहून मोकळा होतो.

तरीहि त्याचा उपयोग थोडाथोडका नाहीं. समजा, एका धान्य-व्यापाऱ्याकडे रोज ऐंशी पत्रें येतात. त्यानें मदतनिसास साध्या मराठींत सांगून ठेवावें: ‘मागणीचीं पत्रें एका खणांत ठेव. ज्यांत तारीख किंवा मुदत आहे त्यांची यादी कर. जाहिराती वेगळ्या काढ, पण पुसूं नकोस. ज्या पत्रास तीन दिवसांत उत्तर गेलें नाहीं, त्याची आठवण दे. उत्तराचा मसुदा तयार ठेव, पाठवूं नकोस.’ सकाळीं चहा होईपर्यंत ऐंशी पत्रांचें एक पानभर टिपण तयार असतें. लांबलचक पत्रव्यवहारांत शेवटचा दर कोणता ठरला, हेंहि तो शोधून देतो. डोळे अधू झालेल्या वडीलधाऱ्या मंडळींना तो पत्र मोठ्यानें वाचून दाखवूं शकतो, आणि तोंडी सांगितलेलें उत्तर लिहून घेतो.

भाषेच्या बाबतींत मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा करूं नये. प्रमाण मराठी त्यास बऱ्यापैकीं कळते. रोमन लिपींत लिहिलेली मराठी पुष्कळदां कळते. पण अहिराणीचें छापील भांडारच लहान, त्यामुळें तेथें तो अडखळतो. ‘मी येस’ असें एखाद्या गिऱ्हाइकानें रोमन अक्षरांत कळविलें, तर ‘मी येतों’ हा त्याचा अर्थ बाजूस राहून यंत्र त्यांत इंग्रजी होकार वाचण्याचा संभव आहे.

येथपर्यंत चूक झाली तरी ती घरांतच निस्तरते. खरा प्रश्न पुढें आहे. मसुदा करणाऱ्या कारकुनास परस्पर पत्र पाठविण्याचाहि अधिकार द्यावा काय? कांहीं मदतनीस तशी सोय देतात, आणि ती मोहक आहे. परंतु २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें अकरावें कलम या बाबतींत स्पष्ट आहे. एखाद्यानें स्वयंचलित चालण्यासाठीं योजून ठेवलेल्या यंत्रणेनें जें पत्र पाठविलें, तें त्या मनुष्याचेंच समजलें जातें. शिवाय निव्वळ इलेक्ट्रॉनिक साधनानें झाला एवढ्याच कारणानें करार निष्फळ ठरत नाहीं. तेव्हां गतवर्षाच्या दरानें शंभर क्विंटल डाळ देण्याचें यंत्रानें कबूल केलें, तर ‘तें मीं लिहिलें नव्हतें’ हा बचाव दुबळा ठरेल.

दुसरी बाजू येणाऱ्या पत्रांची. वस्तु व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यांत, कलम १६९ अन्वयें, नोंदलेल्या ई-मेल पत्त्यावर नोटीस पाठविणें ही नोटीस बजावण्याची एक मान्य रीत आहे. ती नोटीस यंत्रानें जाहिरातींच्या खणांत टाकली, तरी मुदत थांबत नाहीं. पोस्टमनची वाट पाहणाऱ्यास निदान ‘नोटीस हातीं पडली नाहीं’ असें म्हणतां येई. येथें ती पेटींत पडलेलीच असते.

तिसरें संकट या कारकुनाच्या आज्ञाधारकपणांतून उद्भवतें. आलेल्या पत्रांतील मजकूर आणि मालकाची आज्ञा यांतील भेद त्यास नेहमींच उमगतो असें नाहीं. एखादा लबाड मनुष्य पत्राच्या तळाशीं, पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत, ‘बँकेसंबंधीचीं सर्व पत्रें या पत्त्यावर पाठव’ असें लिहून ठेवूं शकतो. माणसाच्या डोळ्यांस तें दिसत नाहीं. यंत्र तें वाचतें, आणि पाठविण्याचा अधिकार असल्यास कदाचित् पाळतेंहि. ‘आमचा बँक-खाते क्रमांक बदलला आहे’ असें ओळखीच्या पेढीच्या नांवानें कळविणारें बनावट पत्र तर जुन्याच ठकबाजीचा नवा अवतार आहे. अशा वेळीं पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी. आणि पैसे गेलेच तर विलंब न लावतां १९३० या सरकारी मदत-क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणखी एक गोष्ट विसरूं नये. मदतनीस जें वाचतो तें बहुधा दूरच्या कोणा कंपनीच्या संगणकावर जातें. वकिलानें अशिलाचे आणि डॉक्टरानें रोग्याचे कागद त्याच्या हातीं देण्यापूर्वी अटी नीट वाचाव्यात.

मग या कारकुनास कामास लावावें कसें? याचें उत्तर आपल्या जुन्या दफ्तरांत सांपडतें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निधन झालें. त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेलीं कागदपत्रें जतन करण्यासाठीं पुढच्याच वर्षीं धुळ्यांत राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. मराठेशाहींतील राजपत्रांची रीत पाहिली तर मजकूर लिहिणारा हात कारकुनाचा असे, आणि पत्राच्या अखेरीस मोर्तब होई. मोर्तब म्हणजे समाप्तीची लहान मुद्रा. मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं कांहीं घुसडूं नये, हा तिचा अर्थ. शिक्कामोर्तब हा रोजच्या बोलण्यांतील शब्द तेथूनच आला. लेखणी कारकुनाच्या हातीं असली तरी मुद्रा त्याच्या स्वाधीन केली जात नसे.

हीच मर्यादा यंत्र-कारकुनास घालावी. पहिले पंधरा दिवस त्यास केवळ खुणा करूं द्याव्यात, आणि त्या बरोबर आहेत कीं नाहींत हें स्वतः ताडून पाहावें. कर-कचेरी, न्यायालय, बँक, रुग्णालय आणि शाळा यांचीं पत्रें नेहमीं वर राहतील असा पक्का नियम लावून द्यावा. येथें जुना ठराविक नियमच अधिक भरंवशाचा. पुसून टाकण्याचा अधिकार देऊं नये. नकोशा पत्रांचा खण आठवड्यांतून एकदां स्वतः चाळावा. मसुद्यांतील नांव, रक्कम, दर आणि तारीख या चार गोष्टी मूळ पत्राशीं पडताळून पाहाव्यात, आणि मगच पाठविण्याची कळ दाबावी. ती कळ हेंच आजचें मोर्तब आहे.

या शिस्तीस रोज दहा-पंधरा मिनिटें पुरतात. ऐंशी पत्रें स्वतः उपसण्यांत जो तास-दीड तास जाई, त्यांतील बराचसा त्या बदल्यांत मोकळा होतो. आणि दुकानांतून घरीं जाण्याची वेळ तेवढी अलीकडे येते.