गोवर, बकरी आणि डॉल्फिन

आपल्याकडे बकरी म्हणजे बाईची बँक. सोनं गहाण टाकायला नवऱ्याला विचारावं लागतं, पण शाळेची फी, औषधपाणी, लेकीचं बाळंतपण, असं काही निघालं की बकरी विकायचा निर्णय बहुधा घरातली बाईच घेते. पेण-रोह्याच्या वाड्यांवर बचत गटाच्या कामाला फिरताना हे मी नेहमी बघते. म्हणून रोह्याजवळच्या एका वाडीत एकीच्या चार बकऱ्या आठवड्याभरात गेल्याचं कळलं, तेव्हा बैठकीत दुसरा विषय निघालाच नाही. आधी ताप, मग नाक-डोळे गळायला लागले, तोंडात फोड, चारा सुटला आणि शेवटी हगवण. "नजर लागली," शेजारीण म्हणाली. डॉक्टरांना दाखवली का, असं विचारलं तर उत्तर आलं, "मेल्यावर काय दाखवायची ताई? पुरून टाकली."

मेल्यावर काय दाखवायची! मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकींना हा प्रश्न रास्तच वाटेल. पण मेलेलं जनावर उघडून मरणाचं कारण शोधणं हे एक अख्खं शास्त्र आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १८८६) हाच एक स्वतंत्र विषय शिकवतात. पेणच्या एका ओळखीच्या पशुवैद्यांना मी वाडीतली हकिकत सांगितली. ते म्हणाले, "लक्षणं तरी पीपीआरची दिसतायत. जनावर वेळेवर मिळालं असतं, तर आतून बरंच कळलं असतं. फुप्फुसं काळपट आणि घट्ट झालेली असतात, मोठ्या आतड्यावर झेब्य्रासारखे लाल पट्टे असतात. शिवाय नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो." आणि मग सहज बोलून गेले, "हा गोवराच्याच घराण्यातला विषाणू, बरं का."

गोवर म्हटल्यावर माझे कान टवकारले. घराणं खरंच मोठं आहे. माणसाचा गोवर, गाई-बैलांची बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, कुत्र्यांचा डिस्टेंपर, आणि समुद्रातल्या डॉल्फिनलाही यातलाच एक! पीपीआरला आपल्याकडे शेळ्यांची बुळकांडीच म्हणतात. भारतात तो पहिल्यांदा १९८७ साली तामिळनाडूत ओळखला गेला. गाईगुरांची बुळकांडी मात्र आता जगातून गेली. २०११ साली तशी घोषणा झाली. देवीनंतर पृथ्वीवरून हद्दपार झालेला हा दुसराच रोग. त्याच्याशी झुंजायला इंग्रजांनी १८८९ साली प्रयोगशाळा काढली ती आपल्या पुण्यात, पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली. शेळ्यांच्या पीपीआरवरची आपली लसही त्याच संस्थेतली.

डॉल्फिनची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९८७-८८ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सातशेहून जास्त डॉल्फिन मरून लागले. सुरुवातीला ठपका ठेवला गेला समुद्रातल्या शेवाळाच्या विषावर. पण मेलेल्या डॉल्फिनच्या फुप्फुसांचे वगैरे तुकडे कुणीतरी नीट जपून ठेवले होते. ते काही वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा १९९४ साली खरं कारण छापून आलं, हाच गोवराच्या घराण्यातला विषाणू. म्हणूनच २०१३ साली त्याच किनाऱ्यावर पुन्हा डॉल्फिन मरू लागले, तेव्हा चाचपडावं लागलं नाही.

आणखी एक वाचलं, ते मात्र आई म्हणून वाचवेना. बर्लिनमध्ये १९१२ साली दोन वर्षांची एक मुलगी गोवराने गेली. तिची फुप्फुसं शंभरावर वर्षं संग्रहालयात होती. त्यातून शास्त्रज्ञांनी विषाणू वाचला आणि २०२० साली सांगितलं की, गोवर बुळकांडीपासून फुटला तो बहुधा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास. म्हणजे माणसानं गुरं पाळली, त्यांच्या सोबतीनं राहिला, त्यातून हे दुखणं आपल्या पोरांपर्यंत आलं.

हे वाडीत सांगितल्यावर एकीनं लगेच विचारलं, "मग बकरीचा रोग पोराला होईल काय?" नाही, पीपीआर माणसाला होत नाही, आणि डॉल्फिनचा विषाणू बकरीला गाठत नाही. घराणं एक असलं तरी घरं आता वेगळी झाली आहेत. पण पोराला गोवर पोरापासूनच होतो, आणि २०२२ साली मुंबईत गोवंडीकडे त्यानं लहान मुलं नेली. तेव्हा गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, नऊ महिने पुरे झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, राहिले असतील तर आरोग्य केंद्रात जाऊन या.

बकऱ्यांचं म्हणाल तर पीपीआरवर औषध नाही, लस आहे. चार महिन्यांच्या वरच्या पिल्लांना ती टोचतात आणि एकदा दिली की साधारण तीन वर्षं निभावते. बाजारातून आणलेली नवी बकरी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, सरळ कळपात सोडू नका. एखादी मेलीच तर पुरायच्या आधी दवाखान्यात किंवा १९६२ वर फोन करा. तोही लगेच, कारण आपल्या दमट हवेत काही तासांत आतलं सगळं सडतं आणि मग मोठ्या डॉक्टरलाही काही वाचता येत नाही. मात्र धडधाकट जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून काळपट रक्त आलं, तर सुरी लावू नका, कातडंही काढू नका. ती काळपुळी असू शकते आणि ती माणसाला होते.

आपली कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथेच जून २०१५ मध्ये भला मोठा निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला, तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली होती. डॉल्फिनही अधूनमधून आपल्या किनाऱ्यावर येऊन पडतात. पुन्हा असं काही दिसलं तर पोरांना जवळ नेऊन फोटो काढत बसू नका, हात तर लावूच नका. वनखात्याला कळवा आणि डॉक्टर येईपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवा.