जोड्या लावा, पण वर्गमुळापर्यंतच!

फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला हमखास येणारा प्रश्न: दिलेल्या संख्येच्या अवयवांच्या सगळ्या जोड्या छापा. प्रश्न सोपा, म्हणून बरेचजण १ पासून थेट त्या संख्येपर्यंत लूप फिरवतात. ज्याने बाकी शून्य येते तो आकडा आणि भागाकार छापला की झालं! उत्तर येतं, पण बहुतेक जोड्या दोनदा येतात.

समजा गॅदरिंगला ३६ खुर्च्या सारख्या रांगांत मांडायच्या आहेत. १×३६, २×१८, ३×१२, ४×९, ६×६. पुढे काय? ९×४. म्हणजे ४×९ चीच मांडणी, फक्त बाजूने बघितलेली. ६ नंतर नवीन काही मिळतच नाही. कारण जोडीतल्या दोन्ही संख्या ६ पेक्षा मोठ्या असत्या, तर गुणाकार ३६ च्या वर गेला असता. म्हणून लूप वर्गमुळापर्यंतच फिरवायचा.

फरक किती पडतो? संख्या १०० कोटी असेल तर पहिला लूप १०० कोटी वेळा फिरेल, दुसरा फक्त ३१,६२२ वेळा.

आता दोन खड्डे सांभाळा.

एक, जोड्यांऐवजी अवयव मोजायला सांगितले तर प्रत्येक जोडीमागे २ वाढवा, पण ६×६ सारख्या जोडीला १ च. म्हणून ३६ चे अवयव ९, १० नव्हे.

दोन, लूपची अट. 'आय गुणिले आय, एनपेक्षा लहान किंवा समान' असं लिहून एनमध्ये २१४७४८३६४७ टाका. ३२ बिटच्या इंटमध्ये मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. ४६,३४१ चा वर्ग त्यात मावत नाही, आणि बहुधा ऋण आकडा हाती येतो. शिवाय कुठलाच इंट या एनपेक्षा मोठा नसतो, मग अट खोटी ठरणार कशी? लूप थांबतच नाही! त्याऐवजी 'आय, एन भागिले आयपेक्षा लहान किंवा समान' अशी अट लिहा. गुणाकारच नाही, तर ओसंडणार काय? (लॅबमध्ये जुना टर्बो सी असेल तर तिथला इंट ३२,७६७ पर्यंतच जातो, लाँग घ्या.)

या संख्येची जोडी एकच, कारण ती मूळ संख्या आहे. ऑयलरने १७७२ साली, कॉम्प्युटर नसताना, हे दाखवलं होतं. त्यालाही ४६,३४० च्या पुढे जावं लागलं नाही.

तेव्हा आज रूमवर ३६, ३७ आणि २१४७४८३६४७ या तीन संख्या चालवून बघा. तिन्ही उत्तरं बरोबर आली, तर व्हायवाला निवांत जा!