मुलांना शब्दांशी खेळू द्या



तिसरी-चौथीच्या वर्गात 'गाय' या विषयावर निबंध लिहायला सांगा. तीस मुले असली, तर तीस वह्यांत बहुधा एकच मजकूर सापडेल. गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात. ती दूध देते. संपला निबंध! आता यांतल्या कित्येक मुलांच्या दारात गाय बांधलेली असते. कुणाची धार काढताना लाथ मारते, कुणाची दावे तोडून शेजाऱ्याच्या कडब्यावर जाते. हेच पोर सुट्टीत पिंपळाखाली बसून ती हकिकत हातवारे करून अशी सांगते, की ऐकणारे हसून बेजार होतात. पण वही पुढे आली, की त्याची गाय मुकी होते. असे का व्हावे?

माझ्या मते कारण सरळ आहे. बोलताना शब्द मुलाचे स्वतःचे असतात, लिहिताना ते गुरुजींचे होतात. लिहिणे म्हणजे चुकण्याची जागा, अशी त्याची समजूत झालेली असते. ही भीती उपदेशाने जात नाही. ती खेळाने जाते, कारण खेळात चूक झाली तर डाव जातो, मार बसत नाही. आणि असे खेळ आपल्याला विकत आणावे लागत नाहीत. ते आपल्या अंगणातच आहेत.

'च'ची भाषा आठवते ना? शब्दाचे पहिले अक्षर उचलायचे, शेवटी नेऊन ठेवायचे आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. "तू कुठे जातोस?" याचे होते, "चतू चठेकु चतोसजा?" मोठ्या माणसांना कळू नये म्हणून मुले ही भाषा बोलतात आणि आपण त्यांना गप्प बसवतो. पण पाहा, ते पोर करते काय? प्रत्येक शब्दाची अक्षरे मनात सुटी करते आणि पुन्हा जोडते. 'पुस्तक'चे त्याने 'चस्तकपु' केले, म्हणजे 'स्त' हे एक जोडाक्षर आहे, हे त्याला आपोआप उमगले. शुद्धलेखनाच्या तासाला ज्याच्यासाठी आपण घसा कोरडा करतो, ते काम इथे हसत हसत होते. तेव्हा एखादे दिवशी गुरुजींनीच वर्गात येऊन "चसाब" म्हणावे. वर्ग बसेल, आणि खुशीने बसेल.

दुसरा खेळ भेंड्यांचा. गाण्यांच्या भेंड्या सर्वांना ठाऊक आहेत. त्या शब्दांच्या लावाव्यात. एकाने 'विहीर' म्हटले, की दुसऱ्याने 'रताळे' म्हणावे. थोड्याच वेळात कुणीतरी चतुर मूल 'बाळ' किंवा 'लोण' म्हणून समोरच्याला अडकवते. मग एकच गलका होतो, "गुरुजी, 'ळ'वरून शब्दच नाही! 'ण'वरूनही नाही!" अगदी खरे. मराठीत या दोन अक्षरांनी शब्द सुरू होत नाही. हा भाषेचा नियम मुलांनी स्वतः शोधून काढला. पुस्तकात वाचलेला नियम विसरतो. भांडून शोधलेला नियम जन्मभर राहतो.

तिसरा खेळ थोरामोठ्यांनी खेळलेला आहे. बारामतीला राहून गेलेले कवी मोरोपंत (1729–1794) यांनी रामकथा नाना तऱ्हांनी सांगितली. त्यांच्या एका रामायणाचे नाव आहे 'निरोष्ठ रामायण'. ज्यांच्या उच्चाराला ओठ ओठाला लागतो, अशी अक्षरे त्यात टाळलेली आहेत. तोच खेळ वर्गात लावा. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरे न वापरता कालच्या पावसाचे वर्णन करा, असे सांगा. 'पाऊस' म्हणायची सोय नाही, 'आभाळ' नाही, 'भिजलो' नाही, 'ओलेचिंब'सुद्धा नाही! मूल क्षणभर थांबते, मग शोधू लागते. "ढगातून सरी कोसळल्या. अंगण ओलं झालं. घराला गळती लागली. आईने तिथे घागर ठेवली." पाठ केलेली वाक्ये वापरायला बंदी आली, म्हणून खरोखर पाहिलेला पाऊस कागदावर उतरला. लेखन म्हणतात ते हेच.

चौथा खेळ कोड्यांचा. कोकणात कोड्याला हुमाण म्हणतात. जुनी कोडी ओळखणे ही पहिली पायरी, नवे कोडे रचणे ही दुसरी. विहिरीवरच्या पोहऱ्याकडे नीट पाहिले तर असे काही जमते: "जाताना जातो रिकामा, येताना येतो भरून, रोज बुडतो पाण्यात, पण मरत नाही बुडून." कोडे रचायचे, तर वस्तू बारकाईने पाहावी लागते आणि तिचे नाव मात्र लपवावे लागते. चूल, विळा, सायकल, मोबाइल, काहीही चालेल. आणि रचलेले कोडे दुसऱ्या वर्गाला घालायचे, म्हणून मूल ते आपण होऊन लिहून ठेवते.

पाचवा खेळ मात्र दूरदेशीचा आहे. इटलीत जियान्नी रोदारी (1920–1980) नावाचे लेखक होऊन गेले. मुलांसाठी गोष्टी कशा रचाव्या, यावर त्यांनी 1973 साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते सांगतात, एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवा. त्यांचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे आहे. आपण म्हैस आणि टपालपेटी घेऊ. आता यांना जोडा: म्हशीसाठी टपालपेटी, टपालपेटीवरची म्हैस, टपालपेटीसकट पळालेली म्हैस. शब्दयोगी अव्ययांचा धडा तर झालाच, शिवाय मुले विचारू लागतात, म्हशीला पत्र कुणी लिहिले? वाचून कुणी दाखवले? तिथे गोष्ट सुरू झाली.

हे खेळ लावताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, खेळ आधी तोंडी व्हावा, मग फळ्यावर, मग वहीत. दुसरी, खेळाच्या वहीत तांबडी शाई नको. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली, तर ती मनात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर सर्वांसाठी समजावून द्यावी. ती कुणाची, हे सांगू नये. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलाच्या घरची बोली बाद ठरवू नये. कुणी शेताला वावर म्हणेल, कुणी रान म्हणेल. तिन्ही शब्द फळ्यावर लिहावेत. पुस्तकी शब्द मूल पुढे शिकेलच. पण "असं नाही म्हणायचं" एवढ्या एका वाक्याने कितीतरी मुले मागच्या ओळीत कायमची गप्प बसलेली आहेत. आपला सगळा खटाटोप त्या गप्प मुलासाठी आहे. हुशार मूल खेळाशिवायही लिहील. हे दुसरे मूल खेळातून आत आले नाही, तर बाहेरच राहील.

आईबापांनो, यात तुमचाही वाटा आहे. लिहिता-वाचता येत नसले, तरी कोडे घालता येते, आणि आजीजवळ तर त्यांचा साठाच असतो. आज रात्री जेवणे आटोपली, की मुलांना जवळ बसवा आणि एखादे कोडे घाला. उत्तर आले, तर हरल्याचे कबूल करा. नंतर म्हणा, "आता तू एक रच पाहू." सकाळी ते कोडे वहीत लिहून पोर शाळेत जाईल, आणि गुरुजी, तेव्हा तुम्ही लगेच उत्तर देऊ नका. थोडे डोके खाजवा!